सारंगभाईंचं आल्डरहिथ

दर मंगळवारी सकाळी सातला सारंगभाई ऑफिसात शिरायचे, डब्याची पिशवी टेबलाखाली सारायचे, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करायचे, "आज हिरवा."

मला दोह्यात येऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. सांडपाण्याच्या लाइनी आखणाऱ्या एका कंपनीत मी इंजिनिअर म्हणून लागलो होतो आणि सारंगभाई तिथले जुने ड्राफ्ट्समन. मला वाटलं, ड्रॉइंगच्या रंगाबद्दल काही सूचना असेल. मी मुकाट्याने हिरवी पेन्सिल त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी ती तितक्याच मुकाट्याने परत सरकवली.

"कचऱ्याचा डबा," ते म्हणाले. "एक मंगळवार हिरवा, एक मंगळवार काळा. सकाळी सातच्या आत रस्त्यावर ठेवायचा. नायतर गाडी निघून जाते."

"पण आपल्या बिल्डिंगखाली तर एकच डबा आहे. आणि तो तर..."

"दोह्याचा नाय हो. आल्डरहिथचा."

आल्डरहिथ हे लंडनच्या कडेला थेम्स नदीकाठी वसलेलं एक उपनगर. आणि अब्दुल कादर सारंग हा गृहस्थ तिथे कधीही गेलेला नव्हता. बाणकोटच्या खाडीकाठचं एक गाव, मुंबई आणि दोहा, एवढंच त्यांनी आयुष्यात पाहिलेलं. पण आल्डरहिथमध्ये किती वॉर्ड आहेत, कुठल्या वॉर्डातून कोण निवडून आलंय, कुणाचं बहुमत एका मताने टिकलंय, वाचनालय गुरुवारी किती वाजता बंद होतं आणि चर्चच्या चढावर गतिरोधक घालायला कुणाचा विरोध आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ. नदीवर एक पूल आहे, त्याची अर्धी लांबी आल्डरहिथच्या कौन्सिलकडे आणि अर्धी पलीकडच्या कौन्सिलकडे. आल्डरहिथच्या बाजूचे दिवे लागायचे, पलीकडचे दोन वर्षं बंद होते. या दिव्यांचा सारंगभाईंना इतका त्रास व्हायचा की आमच्या ऑफिसातला ट्यूबलाइट महिनाभर फडफडत होता तिकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

माहितीचा उगम एकच. तिथलं बारा पानी साप्ताहिक. ऑफिसातला एक इंग्रज सुट्टीवर गेला तेव्हा त्याच्याकरवी सारंगभाईंनी वर्गणी भरली होती. कतारमध्ये टपाल घरी येत नाही, कंपनीच्या पोस्टाच्या पेटीत येतं. तेव्हा दर आठवड्याला दहा-बारा दिवसांचा शिळा अंक हिशोबाच्या पत्रांबरोबर ऑफिसात यायचा आणि सारंगभाई तो वर्तमानपत्रासारखा नव्हे, सरकारी नोटीस असल्यासारखा वाचायचे. हातात फुटपट्टी. एकेक ओळ.

हे वेड कुठून आलं, ते सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी रुक्साना आल्डरहिथला होती. नर्स. सारंगभाईंची बायको लवकर वारली, मुलगी मामाकडे वाढली आणि बाप वीस वर्षं इथे गटारांच्या रेघा ओढत राहिला. दोन वर्षांनी एकदा महिनाभर गावी जायचा, मुलीला बोटाला धरून खाडीवर न्यायचा आणि परत यायचा. मुलगी शिकली, इंग्लंडला गेली आणि तिथल्याच एका मल्याळी मुलाशी तिने लग्न केलं. मुलगा मुसलमान, सालस, नोकरीचा. पण निकाहात मुलीतर्फे बाप उभा राहतो. यांच्या जागी तिथल्या कुणा बुजुर्गाला उभं केलं. सारंगभाईंना लग्न झाल्यावर कळलं. त्याला तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षांत त्यांनी मुलीशी अवाक्षर काढलं नव्हतं. तिने फोन करून पाहिले, यांनी घेतले नाहीत. मग फोन बंद झाले.

"मी काय तिच्यासाठी वाचत नाय," एकदा कुणी न विचारताच ते मला म्हणाले. "मला म्युनिसिपालिटीचा शौक हाय. शौकाला कारण लागत नाय."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

आता खरं सांगतो. हा माणूस नसता तर मी सहा महिन्यांत गाशा गुंडाळून नाशिकला परत गेलो असतो. माझी बायको सुनंदा दोह्याला आली ती ऐन जुलैत. मी दिवसभर साइटवर, ती तिसऱ्या मजल्यावर एकटी, खाली उतरली की डोकं तापून परत वर. आठव्या दिवशी तिने बॅग भरायला काढली. मी ऑफिसात नुसता बसून होतो, तर सारंगभाईंनी विचारलं काय झालं. मी सांगितलं. त्यांनी दिवसभराची रजा टाकली आणि तिसऱ्या दिवशी मला ट्रेसिंग पेपरची एक सुरळी दिली.

आमच्या मोहल्ल्याचा नकाशा होता तो. किराणा, इस्त्रीवाला, कढीपत्ता मिळणारं मलबाऱ्याचं दुकान, टेलिफोनचं बूथ, एकट्या बाईने न थांबण्याचा कोपरा. आणि प्रत्येक रस्त्यावर बारीक तिरक्या रेघा मारलेल्या. मला वाटलं गटारं. त्या सावल्या होत्या. सकाळी नऊला सावली कुठल्या फुटपाथवर, चारला कुठल्या, सगळं वेगवेगळ्या रेघांनी दाखवलेलं. त्यासाठी हा माणूस भर उन्हात आमच्या बिल्डिंगभोवती फिरला होता.

"वैनीला सांगा, सावलीसावलीने जा. मग दोहा एवढा वाईट नाय."

सुनंदाने बॅग रिकामी केली. पुढे तिला इथल्या एका भारतीय शाळेत भूगोल शिकवायची नोकरी लागली, तीही याच नकाशावरून शाळा शोधत गेली म्हणून. सारंगभाईंचे हे उपकार मी फेडलेले नाहीत आणि फेडायचा विचारही नाही. काही उपकार अंगावर असलेले बरे असतात.

तर, सारंगभाईंचा दुसरा नाद म्हणजे वॉर्ड. नवा माणूस भेटला की लोक गाव विचारतात, हे वॉर्ड विचारायचे. मी नाशिकचा म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "वॉर्ड कुठला?" मला माहीत नव्हतं. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की जणू मला बापाचं नावच आठवत नसावं.

"ज्याला आपला वॉर्ड ठाव नाय त्याचा कचरा कोण उचलणार?" ते म्हणाले.

मी त्या शुक्रवारी चिडून नाशिकला फोन लावला आणि वडिलांना विचारलं, "आपला वॉर्ड कुठला हो?" माझे वडील फोनवर "बरा आहेस ना, पैसे मिळाले, ठेवतो" यापलीकडे कधी जात नसत. त्या दिवशी वीस मिनिटं बोलले. वॉर्ड, नगरसेवक, त्याचा बेरकी मेहुणा, बंद पडलेला नळ, आणि मग हळूच आईचे गुडघे. फोनचं कार्ड संपलं म्हणून बोलणं थांबलं. हेही देणं सारंगभाईंचंच.

दोह्यात तेव्हा पहिल्यांदाच म्युनिसिपल कौन्सिलची निवडणूक झाली. आम्हाला मत नव्हतं, पण सारंगभाईंनी धुतलेला शर्ट घातला आणि एका मतदान केंद्रासमोरच्या फुटपाथवर तासभर उभे राहून आले. पोलिसाने विचारलं, काय हवंय? हे म्हणाले, काही नाही, बघतोय. पोलिसाने त्यांना पाण्याची बाटली दिली. ती रिकामी बाटली बरेच दिवस त्यांच्या टेबलावर होती.

महिन्यातून एका शुक्रवारी आम्ही तिघं माझ्या जुन्या गाडीतून अल वक्ऱ्याला जायचो. तिथे मासेमारीचा जुना धक्का आहे. सारंगभाईंचे वडील खाडीत मचवा चालवायचे, तांडेल होते. त्यामुळे पाणी पाहिलं की यांची जीभ सुटायची. चांदाची तारीख सांगा, हे भरतीची वेळ सांगणार. "माणूस खोटा बोलतो, कौन्सिल खोटी बोलते, पानी खोटा बोलत नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य.

अशाच एका शुक्रवारी त्यांनी आपली खरी इस्टेट सुनंदाला दाखवायला आणली. आल्डरहिथचा नकाशा. तीन वर्षं साप्ताहिकातल्या बातम्यांवरून, नोटिशींवरून, जाहिरातींवरून जुळवून काढलेला. आमच्या घरी जेवणं झाली आणि त्यांनी सतरंजीवर तो उलगडला. मधून नदी, तिच्या कडेने रस्ता, पूल, अर्धे दिवे काळे, अर्धे पिवळे, वॉर्डांच्या हद्दी तुटक रेघांनी. मी तोंडात बोट घातलं. सुनंदा गुडघ्यावर बसून बराच वेळ पाहत राहिली आणि मग तिच्यातली मास्तरीण जागी झाली.

"सारंगभाई, नदीचा बाण उलटा काढलात."

"उलटा कसा?"

"तुमची नदी पश्चिमेला चाललीय. थेम्सचा समुद्र पूर्वेला आहे."

सारंगभाई समजुतीने हसले. "वैनी, नदी सूर्य मावळतो तिकडे जाते. सावित्री बघा, वाशिष्ठी बघा. आमच्याकडची एक तरी नदी पूर्वेला जाते काय?"

"आमची गोदावरी जाते."

सुनंदाने शाळेचा अॅटलास आणला आणि इंग्लंडचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा काढून नाक पानाला टेकवलं. मग खिशातून ब्लेड काढलं, ट्रेसिंगवरची बाणाची शाई हलक्या हाताने खरवडली आणि नवा बाण काढला. उजवीकडे.

मी हसून काहीतरी बोलणार होतो. सारंगभाईंचं बोट नकाशाच्या पूर्व टोकावर जाऊन थांबलं होतं. तिथे फेरी वॉर्ड होता, आणि त्यात विलो लेन नावाचा एक छोटा रस्ता नदीला टेकलेला. त्यावर पेन्सिलने एक ठिपका होता, खोडरबराने पुसता येईल इतका फिका.

"मी समजत होतो हा वरचा अंग," ते म्हणाले. "समुद्रापासून लांब. हा तर खालचा निघाला. भरती पयली इथं चढणार." मग म्हणाले, "मी तीन वर्षं निवांत होतो."

त्या साप्ताहिकात दर दोन-तीन महिन्यांनी एक फोटो यायचा. नदीकाठच्या रस्त्यावर लावलेल्या गाड्या खिडकीपर्यंत पाण्यात. समुद्राची भरती नदीतून वर येते, उधाणाच्या दिवशी काठ ओलांडते आणि ज्यांना माहीत नसतं त्यांच्या गाड्या बुडतात. सारंगभाईंना हे फोटो फार गमतीचे वाटायचे. त्यांच्या हिशोबाने ते पश्चिमेकडच्या लोकांचं पाणी होतं.

सुनंदाने विचारलं, "पत्ता कसा कळला तुम्हाला?"

त्यांनी खिशातून विमानटपालाचं एक निळं पाकीट काढलं. मागे रुक्सानाने आपला पत्ता लिहिला होता. पाकीट फोडलेलंच नव्हतं.

"पत्र वाचला नाय मी," ते म्हणाले. "पत्ता वाचला."

"मग आता तरी कळवा तिला, गाडी नदीवर लावू नकोस म्हणून."

"तिला एकटीला कशाला? रस्त्यावर बाकीचे लोक राहत नाय काय? पेपरात कळवतो."

पुढचे दोन दिवस त्यांनी जुने अंक काढले, बुडालेल्या गाड्यांच्या फोटोंच्या तारखा उतरवल्या आणि ऑफिसातल्या कॅलेंडरवरच्या हिजरी तारखांशी जुळवल्या. सगळे फोटो चांदाच्या सोळा-सतराचे किंवा एक-दोनचे. वडिलांनी शिकवलेलं गणित तसंच्या तसं. मग त्यांनी मला इंग्रजी पत्र टाइप करायला बसवलं. संपादक महाशयांस, मी तांडेलाचा मुलगा आहे, पुढच्या महिन्यात अमुक तीन दिवस नदीकाठच्या रस्त्यावर, विशेषतः फेरी वॉर्डात, कृपया गाड्या लावू नयेत. सही, ए. के. सारंग, दोहा, कतार. साहेब घरी गेल्यावर आम्ही ते ऑफिसच्या फॅक्सवरून पाठवलं.

आणि साप्ताहिकाने ते छापलं. इंग्रजांना गंमत वाटली असणार. मग दर महिन्याला फॅक्स. कधी छापायचे, कधी नाही. एकदा इशारा देऊनही पाणी चढलं नाही, तेव्हा एका वाचकाने लिहिलं की दोह्याच्या सद्गृहस्थांनी आपल्या उंटांकडे लक्ष द्यावं. मी इतका भडकलो की सणसणीत उत्तर टाइप करायला घेतलं. सारंगभाईंनी फक्त पत्राखालचा पत्ता पाहिला.

"मिल वॉर्ड," ते म्हणाले. "उंचावर राहतो. त्याला काय कळणार उधाण. सोडा."

पण मला दिसत होतं. अंक आला की आता ते आधी नोटिशी वाचत नव्हते. वाचकांची पत्रं उघडायचे, फुटपट्टी खालपर्यंत न्यायचे आणि पान उलटायचे. तिच्याकडे हा पेपर येतो की नाही, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. सहा महिने असे गेले. आठवड्यातून एकदा त्यांचा चेहरा पडलेला पाहायचा मला कंटाळा आला होता, म्हणजे खरं तर बघवत नव्हतं.

मग एका शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला बेल वाजली. दारात सारंगभाई, हातात साप्ताहिक. गुरुवारी पेटीतून काढलेलं, घडी घालून इतकं मऊ झालेलं की रुमाल वाटावा.

"देवरेसाहेब, हा जरा वाचा. माझा चष्मा बरोबर नाय."

चष्मा डोळ्यांवर होता. मी वाचलं आणि सुनंदासाठी मराठीत सांगत गेलो.

"संपादक महाशय, दोह्याहून इशारा देणाऱ्या तुमच्या वाचकांचे आभार मानायचे आहेत. मी रात्रपाळीची नर्स आहे. पहाटे येऊन गाडी नदीवरच लावत असे. गेल्या महिन्यात त्यांचं पत्र वाचून ती चर्चच्या चढावर नेऊन ठेवली. आमच्या रस्त्यावरच्या चार गाड्या बुडाल्या. माझी वाचली. त्यांना कळवावं की माझे आजोबाही चांद बघून पाणी सांगायचे. आर. सारंग, फेरी वॉर्ड."

"नाव परत वाचा," सारंगभाई म्हणाले.

"आर. सारंग."

"सारंगच लिवलाय ना? नवऱ्याचा नाय?"

"सारंगच."

"आणि वॉर्ड?"

"फेरी."

ते खुर्चीत बसले. सुनंदाने पाणी आणून दिलं, ते त्यांनी पूर्ण प्यायलं, ग्लास स्टुलावर ठेवला आणि खिशातून ते निळं पाकीट काढून तिच्यापुढे धरलं. "वैनी, हा फोडा. आत फोन नंबर असेल तर बघा. बाकी वाचू नका."

नंबर पहिल्याच ओळीत होता. पत्राची पुन्हा घडी करून सुनंदाने ते त्यांच्या हातात दिलं. ते त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं, वरून दोनदा चापपलं आणि माझ्या फोनवरून नंबर फिरवला. तिकडे सकाळचे सात, रात्रपाळी संपवून ती नुकतीच घरी आली असेल. आम्ही उठून आत जाणार होतो, पण पाय निघेना. रिंग वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला.

साडेतीन वर्षांनी सारंगभाई आपल्या मुलीशी बोलले ते पहिलं वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. सलाम नाही, कशी आहेस नाही, मी अब्बा बोलतोय असंही नाही.

"गाडी वर ठेवलीस ना?"

पलीकडे काय झालं मला माहीत नाही. सारंगभाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणाले, "रडतेस कशाला? आज चांदाची पंधरा. उद्या-परवा मोठा पानी हाय. वरच राहू दे."

सुनंदाने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं. ती स्वतःच रडत होती. बाहेरून आवाज येत होता. पाऊण तास. मध्ये एकदा पुलावरच्या दिव्यांबद्दल काहीतरी जोरात बोलणं झालं.

पुढच्या वर्षी सारंगभाई आल्डरहिथला जाऊन आले. आम्हीही काही वर्षांनी दोहा सोडलं. नाशिकला आमच्या भिंतीवर सावल्यांचा तो नकाशा अजून आहे. ज्या रस्त्यांचा तो आहे त्यातले अर्धे आता पाडून नवे झालेत. कुणी विचारलं हे काय, तर सुनंदा सांगते, आमच्या सारंगभाईंनी दिलंय, आणि पुढे अर्धा तास सांगत बसते. मी अडवत नाही. आणि कुणी मला वॉर्ड विचारलाच, तर आता मला येतो.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो फोननंतरचा मंगळवार. माझ्या हिशोबाने त्या आठवड्यात हिरवा होता. एवढ्या दिवसांत मलाही पाठ झालं होतं. सारंगभाई सातला आले, पिशवी टेबलाखाली सारली, चष्मा पुसला.

"आज काळा," ते म्हणाले.

मी म्हणालो, "सारंगभाई, हिरवा. गेल्या मंगळवारी काळा झाला."

"दोन महिने झाले, बदललाय त्यांनी. पेपरात आला नव्हता." त्यांनी ड्रॉइंग पुढे ओढलं, फुटपट्टी सरळ केली आणि मान वर न करता म्हणाले, "रुक्साना बोलली."